ब्रेक उशिरा लागतो

४ जानेवारी, रविवार

आजपासून रोज लिहायचं. थोडं, पण रोज. दातांचं साहित्य विकणाऱ्या कंपनीने डायरी भेट दिली आहे. कागद चांगला आहे. त्यांचं सिमेंट मात्र भुसभुशीत निघतं.

मुख्य मुद्दा: उजवा हात. गेल्या हिवाळ्यापासून थरथरतो. थरथरतो हा शब्द फार मोठा झाला. हलतो. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर फिरत राहतात, गोळी वळत असल्यासारखे. तेही हात रिकामा असेल तेव्हाच. चिमटा धरला, दात कोरायचा हँडपीस धरला, की गप्प. तेव्हा निदान सोपं आहे. हाताला काम कमी पडतंय. इतकी वर्षं लोकांचे दात काढणाऱ्या हाताला रिकामं बसवलं तर तो चुळबुळ करणारच.

उपाय: हात रिकामा ठेवायचा नाही.

टीव्ही बघताना कात्री धरून बसलो. ही म्हणाली, काय कापायचंय. म्हणालो, काही नाही. मग तिने कात्री काढून घेतली आणि हातात रिमोट दिला. चॅनल आपोआप बदलायला लागले. रिमोट जुना झालाय.

८ जानेवारी, गुरुवार

लवंगेच्या तेलाला वास नाही. अजिबात नाही. पेशंट माझ्या असिस्टंटला सिस्टर म्हणतात, म्हणून मीही सिस्टरच म्हणतो. ती म्हणते, सर, अख्खं क्लिनिक घमघमतंय. सर्दी तिलाच झाली असणार. कंपनी बदलायची.

पेशंटही बदललेत. कुणाला ऐकू येत नाही. चूळ भरा म्हटलं की 'काय?' डावीकडे वळा म्हटलं की 'काय?' कानात सतत गाणी घालून या पिढीचे कान कामातून गेले. आजचे पेशंट सत्तरीचे होते, ती गोष्ट वेगळी.

दुपार मोकळी. संध्याकाळही मोकळी. पूर्वी बाहेर लोक उभे राहायचे. डॉक्टरांच्या हाताला गुण आहे म्हणायचे. हल्ली टूथपेस्टी फार सुधारल्या. त्याचा फटका प्रामाणिक माणसाला बसतो.

११ जानेवारी, रविवार

लेक जेवायला आली होती. तीही दातांचीच डॉक्टर. मोठ्या हॉस्पिटलात ज्युनियर आहे, तिथेच जवळ खोली घेऊन राहते. पुन्हा तोच विषय काढला. बाबा, संध्याकाळी मी तुमच्या क्लिनिकला येऊ का. म्हणालो, अजून तुझा हात बसलेला नाही. घाई नको.

टेबलावर माझा हात होता, ती त्याच्याकडे बघत राहिली. मी हाताला चमचा दिला.

मग सायकलवर विषय गेला. रविवारी ही मुलगी सायकल चालवायला जाते. रस्त्यावर नाही. गालिच्यांचं जुनं गोदाम आहे, त्यात लाकडाचे चढ-उतार, मातीचे उंचवटे आणि वळणं केली आहेत, आणि डोंगरात चालवायची सायकल हे लोक छपराखाली चालवतात. म्हणालो, वारा नाही, दगड नाहीत, मग डोंगर कसला. म्हणाली, पडल्यावर कळतं.

तळहात दाखवला. घट्टे पडलेत. हँडल धरून धरून पकड लोखंडासारखी होते म्हणाली.

पकड. हेच हवं होतं. तिथल्या तिथे जाहीर केलं की पुढच्या रविवारी मीही येणार. ही वाढता वाढता थांबली आणि म्हणाली, अहो, अठ्ठावन्न पूर्ण झालीत तुम्हाला. लेकही आधी नको म्हणाली. मग पुन्हा हाताकडे बघितलं आणि म्हणाली, चला बाबा, जाऊ या.

माझं म्हणणं तिला पटलं.

१५ जानेवारी, गुरुवार

तयारी चालू. रबरी चेंडू दाबायचा व्यायाम. डावा हात भराभर दाबतो. उजवा सावकाश आणि अर्धवट, कारण तो जात्याच तयार आहे, त्याला उगाच दमवायचं नाही.

हल्ली शर्टांची काजं फार लहान करतात. सकाळी एका बटणावर एवढा वेळ गेला की चहा गार झाला. ही पुढे आली आणि बटणं लावता लावता म्हणाली, मामंजींचंही असंच बटणांपासून सुरू झालं होतं.

वडिलांची गोष्ट वेगळी. त्यांचं वय झालं होतं. शिवाय हट्टी माणूस. काहीही सांगा, प्रत्येक गोष्टीला कारण तयार. शेवटपर्यंत डॉक्टरकडे गेले नाहीत. असल्या लोकांपुढे आपण हात टेकतो.

१८ जानेवारी, रविवार, सकाळी

निघतोय. व्हिजिटिंग कार्डं घेतली. सायकलवाल्यांचे दात पडत असणारच.

त्याच दिवशी, संध्याकाळी

सविस्तर लिहायला हवं. पहिलाच दिवस होता, आणि एकंदरीत यशस्वी झाला.

गोदाम अवाढव्य आहे. पत्र्याचं छप्पर, त्याखाली पांढरे दिवे, भिंतीला टेकवलेल्या जाड गाद्या. चाकं लाकडावरून गेली की कुणीतरी पेट्या ओढतोय असा आवाज येतो. रबराचा आणि भुशाचा काय वास आहे, लेक म्हणाली. मला काही आला नाही. हवा खेळती असावी. हिरवी पाटी म्हणजे सोपा ट्रॅक, निळी म्हणजे मधला, काळी म्हणजे ज्यांना घरचं कुणी नाही त्यांच्यासाठी.

हेल्मेटची क्लिप नवीन पद्धतीची निघाली. लेकीने लावून दिली. गुडघ्यांची, कोपरांची पॅडंही तिनेच बांधली. वाकून बांधत होती. एकदा वर बघितलं. मी हसलो. तिने विचारलं, बाबा, भीती वाटतेय का.

ट्रेनर दाढीवाला, चांगला उंच. वरचा पुढचा दात तिरका तुटलेला, त्यामुळे 'स' म्हटला की शिट्टी वाजते. त्याला सांगितलं, दातावर क्राउन बसवून घे, मी बसवून देईन. कार्ड दिलं. त्याच्या चड्डीला खिसा नव्हता, त्याने ते हातमोज्यात खोचलं.

शिकवायची पद्धत बरी आहे. सीटवर बसायचं नाही. पेडलवर उभं राहायचं, गुडघे सैल, कोपर बाहेर, नजर लांब. आणि ब्रेकवर एकच बोट. एका बोटाने हळू दाबायचं, हळू सोडायचं. म्हणालो, बाबा रे, या बोटाचं आयुष्य त्यातच गेलंय. मिलिमीटरचं काम आहे आमचं.

हिरव्या ट्रॅकवर पहिला उतार. लाकडावरून सायकल खाली सुटली, पुढच्या उंचवट्यावर आपोआप चढली, पुन्हा सुटली. मी हाताकडे बघितलं. नजर लांब ठेवायची होती, पण बघितलं. हात गप्प होता. हँडलवर नुसता पडून होता, स्वच्छ, मोकळा, कॉलेजात असताना होता तसा. खांद्यापासून बोटांपर्यंत काही म्हणजे काही हलत नव्हतं. मला मोठ्याने गावंसं वाटलं. गायलो नाही.

मग वळण आलं, आणि ब्रेक उशिरा लागला.

गादीत गेलो. लागलं नाही. ट्रेनरला सांगितलं की ब्रेक उशिरा लागतो. त्याने सायकल तपासली, स्वतः एक फेरी मारली, ठीक आहे म्हणाला. दुसरी दिली. तिचाही ब्रेक उशिरा लागला. शेवटी त्याने स्वतःची सायकल दिली. तिचंही तेच. देखभाल अत्यंत ढिसाळ आहे. एखाद्या दिवशी कुणाच्या तरी जिवावर बेतेल.

ट्रेनर जवळ येऊन हळूच म्हणाला, सर, ब्रेक ठीक आहे, बोट उशिरा येतंय. तुम्ही ठरवता आणि मग जरा वेळाने बोट निघतं. म्हणालो, बोट माझं आहे. माझ्याइतकं तुला माहीत नाही. त्याने मान डोलावली. तेवढ्यात माझ्यापेक्षा वयाने मोठी एक बाई हिरवं हेल्मेट घालून 'डावीकडून येतेय' असं ओरडत सुसाट निघून गेली. लोकांना शिस्त नाही.

एक गोष्ट कळली नाही. लेक आज सायकलवर बसलीच नाही. पूर्ण वेळ कठड्याला टेकून फोनवर माझा व्हिडिओ काढत होती. बापाचा अभिमान असतोच मुलींना.

येताना गाडी लेकच चालवत होती. सिग्नलला थांबलो तेव्हा माझ्या मांडीवर माझा हात चुळबुळत होता, त्यावर तिने आपला हात ठेवला. दिवा हिरवा झाला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, तरी काढला नाही. बाहेर थंडी होती. हात गार पडले असतील तिचे.

१९ जानेवारी, सोमवार

लेक संध्याकाळी मुद्दाम आली. व्हिडिओ दाखवायला.

माझी स्टाइल वाईट नाही. खांदा जरा अवघडलेला वाटतो. पण फोनच्या कॅमेऱ्यात चेहरे नीट येत नाहीत. मी सगळा वेळ हसत होतो, आणि व्हिडिओत चेहरा नुसता दगडी. उतारावरून येताना तर मी अगदी खुशीत होतो. तिथेही तोच चेहरा. कुणाच्या तरी मयताला निघालेला माणूस सायकलवर बसवल्यासारखा.

तिला ट्रॅकवरचा भाग दाखवायचाच नव्हता. सुरू होण्याआधी मी रांगेत उभा आहे तेवढाच. उजवा हात बाजूला लोंबतोय आणि हलतोय. तिने पुन्हा लावला. पुन्हा लावला. म्हणाली, चालतानाही बघा, डावा हात पुढेमागे जातो, उजवा जात नाही. मेंदूच्या डॉक्टरकडे जाऊ या. म्हणालो, मीही डॉक्टरच आहे. म्हणाली, बाबा, हा हात लोकांच्या तोंडात जातो.

हे वाक्य बापाला बोलायचं वाक्य नाही. तसं सांगितलं. वर हेही सांगितलं की तुझा हात अजून बसलेला नाही, तू माझ्या हाताबद्दल बोलू नकोस.

न जेवता गेली. हिने तिचं ताट झाकून ठेवलं. उद्या कोण खाणार होतं ते.

२२ जानेवारी, गुरुवार

आज एक छोटी गोष्ट घडली.

बस स्टँडवर माइकवरून घोषणा करतात ते गृहस्थ आले होते. खालची डावी दाढ किडलेली. साधं फिलिंग. इंजेक्शन सिस्टरने भरून दिलं, हल्ली ती न सांगता भरून देते, आळशीपणाची सवय मलाच लागेल. किडलेला भाग काढत होतो. हात गप्प होता. मग त्यांनी जीभ हलवली आणि हँडपीसचं फिरतं टोक थोडं सरकलं.

रक्त बरंच आलं. जिभेला रक्त जास्तच येतं, त्यात विशेष काही नाही. टाके घालायचे होते. सुई धरली. दोरा जाईना. सिस्टरने माझं मनगट दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं तेव्हा कुठे गेला. तिचे डोळे मास्कच्या वर दिसत होते. तिला मी इतकी वर्षं ओळखतो, पण असे डोळे बघितले नव्हते.

चूक कुणाची हा प्रश्नच नाही. घोषणा करणाऱ्या माणसाची जीभ स्वस्थ कशी राहील. त्यांना तसं समजावलं. ते बोलू शकत नव्हते. काही दिवस बोलू नका असं सांगावं लागलं. चिडतील असं वाटलं होतं. तोंडाला कापूस दाबून उठले, दारापर्यंत गेले, परत आले आणि माझ्या खांद्यावर थोपटून गेले.

थोपटायचं कारण काय होतं ते कळलं नाही. अजून कळत नाही.

२३ जानेवारी, शुक्रवार

सिस्टरने सगळ्या अपॉइंटमेंट पुढे ढकलल्या. कॉम्प्रेसरची सर्व्हिसिंग करायची आहे म्हणे. कॉम्प्रेसरला काही झालेलं नाही. कान लावून ऐकला.

दिवसभर रिकाम्या खुर्चीसमोर बसलो. वरचा दिवा लावला, बंद केला. हात फार हलला. साहजिक आहे. काम नाही.

विचार केला. गेल्या रविवारी हात कधी गप्प होता? सायकलवर. म्हणजे औषध सापडलंय, फक्त मात्रा कमी पडली. हिरवा ट्रॅक माझ्यासाठी पोरखेळ आहे. निळा हवा. या खेपेला लेक नको, फोन नको. एकट्याने जायचं.

२५ जानेवारी, रविवार, सकाळी

हिला सांगितलं, कॉलेजच्या एका मित्राची तब्येत बरी नाही, बघून येतो. कुठला मित्र विचारलं. तू ओळखत नाहीस म्हणालो. ही म्हणाली, मी ओळखते, आणि स्वयंपाकघरात निघून गेली. अर्थ लागला नाही.

३० जानेवारी, शुक्रवार

लिहायला जमत नव्हतं. डाव्या खांद्याचं हाड मोडलंय, गळ्याशी असतं ते. हात झोळीत.

कसं झालं ते. ट्रेनर म्हणाला, सर, आज एकटे? हिरव्यावरच चालवा, निळा तुमच्यासाठी नाही. बरं म्हणालो. तो दुसऱ्या कुणाला तरी शिकवायला लागला तसा मी निळ्याच्या जिन्याने सायकल वर नेली. वरून उतार भलताच खोल दिसतो. मागच्या बाईने विचारलं, तुम्ही जाताय की मी जाऊ. गेलो.

पहिला उतार उत्तम. हात गप्प. दुसरा उत्तम. मग फळ्यांचं वळण होतं, तिथे ब्रेक लागलाच नाही, आणि नंतर एकदम लागला. सायकल राहिली, मी गेलो. डाव्या अंगावर पडलो. आतून वाळलेली काडी मोडल्यासारखा आवाज आला.

पत्र्याचं छप्पर बराच वेळ बघत पडलो होतो. तिथे लावलेली गाणी बंद केली कुणीतरी. ट्रेनर धावत आला, शेजारी बसला, माझा उजवा हात हातात घेतला. हात जोरात हलत होता. म्हणाला, घाबरू नका, संपलं आता, घाबरू नका. तो हात दाबून धरत होता आणि हात थांबत नव्हता.

तिथेच लख्ख कळलं. आता कारण आहे. पडलेल्या माणसाचा हात हलतोच.

हॉस्पिटलात तपासणाऱ्या डॉक्टरने विचारलं, हा हात कधीपासून हलतो. म्हणालो, आज पडलो तेव्हापासून. त्याने तसं लिहून घेतलं. ही शेजारी उभी होती. भिंतीवर हात धुवायची पद्धत चित्रांतून दाखवली होती, तिकडे बघत राहिली.

एकंदरीत नुकसानीपेक्षा फायदा जास्त.

२ फेब्रुवारी, सोमवार

सगळं उजव्या हातावर आलंय. अक्षर बारीक येतं. ओळीच्या शेवटी तर मुंग्या. अपघाताचा परिणाम.

सूप प्यायला बसलो. चमचा तोंडाशी येईपर्यंत रिकामा. हे चमचे उथळ आहेत. ही म्हणाली, मी भरवते. नको म्हणालो. ती समोर बसून राहिली. मग सूप निवलं आणि तिने भरवलं. मला तोंड उघडा म्हणायची सवय आहे, उघडायची नाही.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

खांदा दाखवायचाय असं सांगून दोघी घेऊन गेल्या. खांद्याचे डॉक्टर नव्हतेच ते. मेंदूचे होते.

वयाने फारच लहान. खालचे पुढचे दात एकावर एक चढलेले, आतून किटणाचा थर. ज्याला स्वतःचे दात घासता येत नाहीत त्याने दुसऱ्याच्या मेंदूत शिरू नये.

अंगठा आणि बोट भराभर आपटायला सांगितलं. आपटले. सुरुवात चांगली झाली, मग बोट थकलं. लांब बोळात चालायला लावलं. वास येतो का विचारलं. आवाज बारीक झालाय का. बटणं जमतात का. चेहऱ्यावर रागावल्यासारखं दिसतं असं कुणी म्हणतं का. वडिलांना काही होतं का. प्रत्येक वेळी मी उत्तर द्यायच्या आत ही मान हलवत होती. आपल्या बाजूने एक माणूस नाही.

शेवटी त्याने नाव सांगितलं. पार्किन्सन. मला ते नाव माहीत आहे. परीक्षेत आलं होतं.

त्याला अपघाताचं सांगितलं. म्हणाला, पडल्यामुळे हात हलत नाहीये. हात असा झालाय म्हणून तुम्ही पडलात. ही फार उद्धट मांडणी आहे. गोळ्यांनी बराच आराम पडेल, पण मुळातून जाणार नाही म्हणाला. रोज फिरा, सायकलसुद्धा चालवा, घरातली, जागेवरची. हिने विचारलं, आणि क्लिनिक? त्याने लेकीकडे बघितलं. लेकीने खाली बघितलं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, पेशंटवर काम करणं थांबवावं लागेल, सर.

दुसऱ्याचं मत घ्यायचं. तिसऱ्याचंही घेऊ.

लिफ्टमध्ये लेक रडली. मी रडलो नाही. आरशात बघितलं, चेहरा अगदी व्यवस्थित होता.

९ फेब्रुवारी, सोमवार

लेकीने हॉस्पिटलची नोकरी सोडली. मी बरा होईपर्यंत क्लिनिक बघणार. फक्त तोपर्यंत. सूचना दिल्या. खुर्चीची उंची बदलू नकोस. बस स्टँडवाले गृहस्थ आले तर फिलिंग पूर्ण कर, त्यांना जीभ हलवायची सवय आहे. सगळ्याला बरं म्हणाली. एकाही गोष्टीवर वाद नाही. अशी कधी वागत नाही.

१ मार्च, रविवार

गोळ्या घेतोय. खांद्याची सूज उतरायला घेतोय. सकाळी हात चक्क शांत असतो. संध्याकाळी थोडा हलतो. म्हणजे सूज उतरतेय. मी म्हणतच होतो.

हिला काल हसून दाखवलं. म्हणाली, हो, दिसलं. आणि वळून खिडकीच्या काचा पुसायला लागली. काचा स्वच्छ होत्या.

निर्णय: १६ मार्चपासून पुन्हा काम. सोमवार आहे. लेकीला फोनवर सांगितलं. मग म्हणाली, बरं बाबा, या.

९ मार्च, सोमवार

झोळी निघाली. सरावासाठी जुनी हत्यारं घरी आणली आणि साबणाच्या वडीतून दाढ कोरली. हा विद्यार्थ्यांचा अभ्यास आहे, पण पाया पक्का हवा. सकाळी कोरलेली सुरेख झाली. दुपारी दुसरी घेतली, तिचे कोपरे गेले. मग वडीच तुटली. साबण हलक्या प्रतीचा. हिने तुकडे गोळा केले आणि भांडी घासायला ठेवले. सुरेख झालेली दाढही त्यातच गेली. तिला काय फरक कळणार.

१५ मार्च, रविवार

उद्या. कोट इस्त्री केला. सिस्टरला निरोप दिला की पेशंटना कळव, मोठे सर येतायत. ती हो सर म्हणाली. लेकीला म्हणावं, तू आता हॉस्पिटलला परत जा, किंवा हवं तर संध्याकाळी ये, मी नाही म्हणणार नाही. हात बसेल हळूहळू.

जुने पेशंट गर्दी करतील. सगळ्यांना एका दिवशी घ्यायचं नाही. दमायचं नाही.

१६ मार्च, सोमवार

हिने बटणं लावली, क्लिनिकच्या दारापर्यंत आली आणि म्हणाली, तुम्ही म्हणाल तेव्हा न्यायला येते.

आत गर्दी होती. पूर्वीसारखी. दाराशी दोघं उभे होते.

सिस्टरने हातातलं काम टाकून खुर्ची पुसून दिली, तिच्या टेबलाशेजारची. विचारलं, माझा पहिला पेशंट कोण. ती इकडेतिकडे बघायला लागली. म्हणाली, सर, सगळ्यांना फोन केला होता. एकेकाला विचारलं, मोठे सर येतायत, त्यांच्याकडे देऊ का. मग? मग काही नाही म्हणाली. सगळे मॅडमकडेच.

एकही नाही का, विचारलं. सर, चहा सांगू का, म्हणाली.

आत डोकावलो. लेक काम करत होती. खुर्चीची उंची बदललेली होती, तिच्या उंचीला बरोबर. मास्कच्या वरून माझ्याकडे बघितलं, डोळ्यांनी हसली आणि पुन्हा खाली वाकली. हात अजिबात हलत नव्हता. थोडा वेळ तो हातच बघत उभा होतो. मग मधे उभं राहून उजेड अडतो म्हणून बाहेर आलो.

सिस्टरच्या टेबलाशेजारी बसावंसं वाटेना. कोट काढून घडी करून मांडीवर घेतला आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसलो, पेशंट बसतात तिथे. शेजारी गाल सुजलेला एक माणूस होता. मला जागा व्हावी म्हणून त्याने आपली पिशवी उचलून पायाशी ठेवली. पहिल्यांदाच आलोय म्हणाला. भाऊ पूर्वी यायचा. तेव्हा इथे एक वयस्कर डॉक्टर बसायचे. देवमाणूस, पण हात कापायचा. भावाला तोंडावर सांगवेना, म्हणून त्याने यायचंच बंद केलं. आता मुलगी बसते म्हणे, हात फार हलका आहे.

म्हणालो, हो, हलका आहे.

त्याने माझ्या हाताकडे बघितलं. घडी केलेल्या कोटावर हलत होता. मला म्हणाला, घाबरू नका, काही कळतसुद्धा नाही म्हणतात. तुमचा नंबर कितवा?

तुमच्यानंतर, असं सांगितलं.